काया यांचं समीकरण आणि मामींची चूल

दीड दिवसाचा गणपती पोचवून आलो आणि सगळे सोप्यावर टेकलो. मामांनी मोबाइलवरची बातमी मोठ्यानं वाचली, "२०३० पर्यंत भारताचं कार्बन उत्सर्जन ४५ टक्क्यांनी घटणार." लगेच स्वतःचा शेरा जोडला, "लोकसंख्या आटोक्यात ठेवा म्हणावं, ४५ कसले, ६० टक्के घटेल."

दोन वाक्यांत दोन चुका. पहिली बातमी देणाऱ्याची, दुसरी मामांची. मामांशी वाद घालायचा नसतो, म्हणून तेव्हा पातोळी खात गप्प बसलो आणि आता लिहितो आहे.

बातमीतली चूक आधी. भारतानं २०२२ साली संयुक्त राष्ट्रांना कळवलेलं उद्दिष्ट उत्सर्जनाचं नाही, जीडीपीच्या 'उत्सर्जन-तीव्रते'चं आहे. म्हणजे एका रुपयाचं उत्पादन करताना जेवढा कार्बन हवेत जातो, तो २००५ च्या तुलनेत ४५ टक्क्यांनी कमी करायचा. आता समजा, अर्थव्यवस्था २५ वर्षं दरसाल ६ टक्क्यांनी वाढली. चक्रवाढीनं ती ४.३ पट होते. रुपयामागचा कार्बन ५५ टक्क्यांवर आला, तर ४.३ गुणिले ०.५५, म्हणजे एकूण उत्सर्जन २.४ पटीच्या जवळ. उद्दिष्ट पुरं झालं आणि उत्सर्जन दुपटीहून जास्त वाढलं! यात कुणी फसवत नाही. ज्या देशात अजून घरं, रस्ते, पूल बांधायचे आहेत तो याहून वेगळं वचन देऊ शकत नाही. फक्त टक्के कशाचे, हे विचारायचं असतं.

मामांच्या चुकीसाठी जपानला जावं लागेल. योइची काया हे टोकियो विद्यापीठातले ऊर्जातज्ज्ञ. १९९० च्या सुमारास त्यांनी एक समीकरण मांडलं. जगभरची ऊर्जा-प्रतिमानं, म्हणजे पुढे किती ऊर्जा लागेल याचा हिशेब करणारी गणिती मॉडेल्स, आजही कुठे ना कुठे त्याला टेकून उभी असतात:

उत्सर्जन = लोकसंख्या × माणशी उत्पन्न × उत्पन्नामागे लागणारी ऊर्जा × ऊर्जेमागे निघणारा कार्बन

आठवीतला मुलगाही म्हणेल की यात काय विशेष? वरचं-खालचं काटलं की उत्सर्जन बरोबर उत्सर्जन एवढंच उरतं. खरं आहे, ही नित्यसमानता आहे, ती चुकूच शकत नाही. पण हिशेबाच्या वहीचे रकाने कुठे पाडायचे हे ती सांगते, आणि रकाने नीट पाडले की अर्धं भांडण मिटतं.

भारताचे १९९० ते २०२३ चे ढोबळ आकडे त्यात घालू. लोकसंख्या ८७ कोटींवरून १४३ कोटींवर गेली, सुमारे १.६५ पट. महागाई वजा करून माणशी उत्पन्न सुमारे ४.२ पट झालं. शेवटचे दोन घटक मिळून, म्हणजे तीच ती तीव्रता, ०.७५ वर आली. गुणाकार करा: ५.२. इंधनं जाळून निघणारा कार्बन डायऑक्साइड वर्षाला ५८ कोटी टनांच्या आसपास होता, तो ३०० कोटी टनांवर गेला, त्याच्याशी हे जुळतं.

मग या वाढीत लोकसंख्येचा वाटा किती? इथे मला सगळ्यात आवडणारी गंमत येते, जरा धीर धरा.

गुणाकारातला वाटा काढणं बेरजेइतकं सोपं नसतं. कुळागराचा एक चौकोनी तुकडा घ्या, लांबी १, रुंदी १. लांबी दुप्पट केली, रुंदी तिप्पट. क्षेत्रफळ १ चं ६ झालं, म्हणजे ५ नवे चौकोन आले. नुसती लांबी वाढली असती तर १ आला असता. नुसती रुंदी वाढली असती तर २. राहिलेले २ चौकोन कोपऱ्यात आहेत आणि ते लांबीचेही आहेत, रुंदीचेही. भावाभावांत वाटणी करताना नेमका हाच कोपरा कोर्टात जातो. काया यांच्या समीकरणात तर चार भाऊ आहेत. वाढीचे १५ तुकडे पडतात, त्यांतले ४ एकेकट्याचे आणि ११ सामाईक! कित्येक वर्षं अभ्यासक हा सामाईक भाग 'शेष' म्हणून बाजूला ठेवत. कधी कधी शेषच मूळ उत्तरापेक्षा मोठा निघे.

तोडगा आपल्या अकरावीच्या लॉगच्या पुस्तिकेत होता. लॉग गुणाकाराची बेरीज करतो. ६ चा लॉग ०.७७८, २ चा ०.३०१ आणि ३ चा ०.४७७. शेवटच्या दोघांची बेरीज पहिल्याइतकीच, कोपरा गायब. म्हणजे लांबीचा वाटा ३९ टक्के, रुंदीचा ६१. सिंगापूरचे बी. डब्ल्यू. आंग यांनी ही कल्पना ऊर्जेच्या हिशेबात पक्की बसवली. दर वर्षी आणि दर क्षेत्रात वाटा बदलत असेल तर दोन टोकांची 'लॉगरिदमी सरासरी' घेऊन तिनं प्रत्येक घटकाच्या लॉगला गुणायचं, मग शेष शून्य येतो. (हे वाक्य दोनदा वाचूनही कळलं नाही तर सोडून द्या, पुढे अडत नाही.)

आता भारताचे आकडे लॉगमधून काढा. वाढीच्या १०० भागांपैकी ३० लोकसंख्येचे, ८७ उत्पन्नाचे आणि उणे १७ तीव्रतेचे. मामा, लोकसंख्या १९९० ला गोठवली असती आणि बाकीचं सगळं तसंच राहिलं असतं, तरी उत्सर्जन तिपटीहून जास्त झालंच असतं.

'बाकीचं सगळं तसंच' हेच मात्र विकसनशील देशात खरं नसतं. चारही घटक एकमेकांच्या पायात पाय घालतात.

आमच्या आजीची चूल बघा. चुडतं, सोडणं, करवंट्या, पावसाळ्यासाठी माळ्यावर रचलेली लाकडं. अशा चुलीत इंधनातली जेमतेम १०-१५ टक्के उष्णता भांड्याला लागते, बाकीची धुराबरोबर जाते. गॅसच्या शेगडीत ६० टक्क्यांच्या वर लागते. हिशेब केला तर १४.२ किलोच्या एका सिलिंडरचं काम करायला २०० किलोंच्या आसपास लाकूड जाळावं लागतं. तो सिलिंडर ४२ किलो कार्बन डायऑक्साइड सोडतो. लाकडातून प्रत्यक्षात त्याच्या कितीतरी पट निघतो, पण ऊर्जेच्या वहीत तो शून्य धरतात. झाड पुन्हा वाढून तो परत घेईल असं मानलेलं असतं आणि जंगल घटलं तर त्याचा हिशेब वेगळ्या वहीत होतो.

परिणाम पाहा. आजीकडे शेगडी आली की उत्पन्नामागची ऊर्जा घटते आणि ऊर्जेमागचा कार्बन वाढतो. एकच सुधारणा, तिसरा घटक खाली, चौथा वर. युरोपच्या आकड्यांवर घडवलेलं प्रतिमान हे पाहून म्हणेल की देश अस्वच्छ इंधनाकडे चालला आहे. तिकडे आजीचे डोळे चुरचुरायचे थांबलेले असतात.

अनुपलब्ध विजेचंही असंच. जिथे तार पोचली नाही तिथे मागणी शून्य दिसते. तो आकडा गरजेचा नसतो, टंचाईचा असतो. मागच्या २० वर्षांच्या रेषेला पट्टी लावून पुढची रेषा ओढली तर ती हमखास खाली पडते. उत्पन्न एका पायरीवर आलं की घरात फ्रिज येतो, पुढच्या पायरीवर एसी, आणि वक्र एकदम उभा चढतो. एसी तासाला साधारण एक ते दीड युनिट खातो, आणि आपल्या ग्रिडचं एक युनिट म्हणजे ०.७ किलोहून थोडा जास्त कार्बन डायऑक्साइड. मे महिन्यातल्या फोंड्यात रात्रभर एसी लावणाऱ्यांना गुणाकार करायला सांगत नाही, मीही लावतो.

"मग २०७० चं तुम्ही कसं सांगता, पंचांग बघून?" असं भाच्यानं विचारलं होतं. प्रश्न बरा आहे. पंचांगात ग्रहणाची वेळ मिनिटावर बरोबर येते, कारण ती गणितानं काढलेली असते. त्याच पंचांगातलं राशिफळ कुठल्याच गणितातून येत नाही, पण ग्रहण खरं ठरलं की फळालाही भाव येतो. ऊर्जेची प्रतिमानं दोन्हींत बसत नाहीत. ती 'असं केलं तर असं होईल' एवढंच सांगतात. २०७० ला निव्वळ शून्य, म्हणजे जेवढा कार्बन सोडू तेवढाच परत शोषला जाईल, ही २०२१ साली ग्लासगोच्या परिषदेत केलेली घोषणा आहे. तिथून उलट मोजत आज काय करावं लागेल, हे प्रतिमान काढतं. चॅनेलवाले त्याचं 'भाकीत' करतात.

तसाच फुगवलेला आकडा म्हणजे 'निम्मी वीज हरित झाली'. निम्मी झाली ती उभारलेली क्षमता, म्हणजे केंद्रं पूर्ण जोरानं चालली तर निघू शकेल तेवढी वीज, २०२५ मध्ये. प्रत्यक्ष युनिटांतली सुमारे ७० टक्के अजून कोळशाची आहेत, कारण सौर पॅनेल रात्री झोपतं.

हेच समीकरण आपल्या गोव्याला लावायला गेलो तर पहिल्याच रकान्यात अडखळायला होतं. २०११ च्या जनगणनेत आपण १४.५८ लाख. २०२४ मध्ये पर्यटक आले एक कोटीच्या वर. प्रत्येक जण सरासरी चार दिवस राहिला असं धरलं, तर रोज एक लाखाहून जास्त माणसं जादा. त्यांचा पैसा आपल्या उत्पन्नात मोजतात, त्यांच्या खोलीतला एसी आपल्या विजेत, पण डोकी मोजताना ती नसतात. आणि त्या विजेचा मोठा भाग छत्तीसगडच्या कोरबासारख्या ठिकाणी कोळसा जाळून येतो, म्हणजे धूर त्यांच्या वहीत. उलट मुरगाव बंदरात उतरणारा कोळसा कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांत जातो. धूळ आपली, कार्बन त्यांचा. वही राज्याच्या सीमेवर मिटायची की वापरणाऱ्याच्या दारात, यावर गोवा स्वच्छ की अस्वच्छ हे ठरतं.

मामांना एवढं सगळं सांगायला परवा गेलो होतो. मामी मागच्या पडवीत चूल पेटवत होत्या. भाकरी अजून तिच्यावरच लागते, शेगडीवरची मामांना चालत नाही. वहीत शून्य.