पायावरचे ठिपके आणि ३७ अंशांवरचं रक्त

पावसाळ्यात कुणाच्या पायावर लाल ठिपके उठले की घरोघरी पहिला प्रश्न एकच येतो: प्लेटलेट किती आहेत? प्रश्न रास्त आहे. डेंग्यूत प्लेटलेट घसरतात आणि त्वचेत बारीक बारीक रक्तस्राव होतो. पण कधीकधी रिपोर्टमध्ये प्लेटलेट दोन लाखांच्या वर असतात, तापही नसतो आणि ठिपके मात्र वाढत जातात. अशा वेळी डॉक्टर ठिपक्यावर काचपट्टी दाबून पाहतात. लाली जात नसेल तर रक्त वाहिनीबाहेर झिरपलंय. मग त्यावरून बोट फिरवतात. ठिपका बोटाला उंच लागला, की संशय रक्तवाहिनीच्या भिंतीवर जातो. हा त्वचेचा व्हॅस्क्युलायटिस, म्हणजे बारीक रक्तवाहिन्यांना आलेली सूज असू शकते.

बहुतेकदा घडतं ते असं. एखादा संसर्ग, एखादं औषध किंवा शरीराचीच बिघडलेली प्रतिकारशक्ती यांमुळे रक्तात प्रतिपिंडांच्या (अँटिबॉडींच्या) गाठोड्या तयार होतात आणि त्या केशवाहिन्यांपुढच्या अगदी लहान शिरांच्या भिंतीला चिकटतात. मग रक्तातली ‘कॉम्प्लिमेंट’ नावाची प्रथिनं पेटून उठतात, न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी धावून येतात, भिंत पोखरतात आणि तिथेच फुटतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्या केंद्रकांचा अक्षरशः चुरा दिसतो. पायांवर हे जास्त होतं, कारण तिथे रक्ताचा भार मोठा आणि वेग मंद असतो.

निदान पक्कं होतं ते त्वचेचा छोटासा तुकडा काढून केलेल्या बायॉप्सीने, तीही ठिपका एकदोन दिवसांचा ताजा असताना. मग रक्ततपासण्यांची एवढी लांबलचक चिठ्ठी कशासाठी? ‘त्वचेचा व्हॅस्क्युलायटिस आहे’ असं सांगणारी एकही रक्ततपासणी आजवर सापडलेली नाही. रक्ताला विचारायचे प्रश्न दुसरेच असतात: ही आग कुणी लावली आणि ती आत, मूत्रपिंडापर्यंत, पोचली आहे का?

शरीरात सूज आहे का ते सांगणाऱ्या ईएसआर आणि सीआरपी या तपासण्यांची उत्तरं या बाबतीत फार तोकडी आहेत. सीआरपी हे यकृतात तयार होणारं प्रथिन. १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात ते सापडलं. सूज आली की काही तासांत ते वाढतं. पण साधा दात सुजला तरी ते वाढतं, आणि दाह त्वचेपुरता असेल तर कित्येकदा वाढतही नाही. धूर दिसला, एवढंच त्यातून कळतं.

लहान मुलांमध्ये सर्वांत जास्त आढळतो तो आयजीए व्हॅस्क्युलायटिस. आयजीए हा प्रतिपिंडांचाच एक प्रकार. सर्दी-खोकला होऊन जातो आणि मग पायांवर ठिपके, दुखणारे घोटे, पोटात कळा. योहान शोनलाइन यांनी १८३७ मध्ये ठिपके आणि सांधेदुखीचं नातं मांडलं. पुढे त्यांचे विद्यार्थी एडुआर्ड हेनोक यांनी त्यात पोट आणि मूत्रपिंड जोडलं. दोघांच्या नावाने चालत आलेलं या आजाराचं नाव २०१२ मध्ये बदललं. रक्तातलं आयजीए मोजलं तर ते साधारण निम्म्याच रुग्णांत वाढलेलं दिसतं, म्हणून ते नॉर्मल आलं तरी आजार नाही असं ठरत नाही. संशोधकांचं लक्ष आता आयजीएच्या एका सदोष रूपावर आहे. त्याच्या रेणूवरच्या साखरेच्या साखळीत गॅलॅक्टोज कमी असतं आणि असे रेणू एकमेकांत गुंतून मूत्रपिंडात अडकतात. कल्पना सुंदर आहे, पण मूत्रपिंडाच्या आयजीए आजारात रुग्णांच्या धडधाकट नातेवाइकांतही हे रूप वाढलेलं आढळलं आहे, म्हणजे नुसत्या त्याच्या मोजणीवरून काही ठरत नाही. म्हणून आई-वडिलांना माझं कळकळीचं सांगणं आहे: ठिपके गेले तरी डॉक्टर सांगतील तेवढे महिने, साधारण सहा महिने, लघवीची साधी तपासणी चुकवू नका. प्रथिनं किंवा रक्तपेशी उतरू लागल्या तर ते तिथेच आधी दिसतं.

अँका ही प्रतिपिंडं न्यूट्रोफिलवरच उलटतात. १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियात त्यांचं पहिलं वर्णन झालं. ठिपक्यांबरोबर ही तपासणी पॉझिटिव्ह आली तर फुप्फुसं आणि मूत्रपिंडं लगेच तपासावी लागतात.

मला सर्वांत विलक्षण वाटते ती क्रायोग्लोब्युलिनची तपासणी. थंडीत साकळणारी आणि ऊब मिळाली की पुन्हा विरघळणारी ही प्रथिनं १९३३ मध्ये प्रथम दिसली. त्यांना नाव मिळालं १९४७ मध्ये. ती शोधायची तर रक्त कोमट सिरिंजमध्ये घ्यायचं, गुठळी होईपर्यंत ३७ अंशांवर ठेवायचं, सीरमही उबेतच वेगळं करायचं आणि मग ४ अंशांवर सात दिवसांपर्यंत वाट पाहायची. तळाशी पांढरा साका बसला आणि ऊब देताच विरघळला, तर उत्तर मिळालं. आता आपल्याकडची पद्धत आठवा. घरी येऊन रक्त घेतात आणि नमुना बर्फाच्या डब्यात घालून मोठ्या लॅबकडे पाठवतात. बाकी तपासण्यांना ते योग्यच, पण इथे प्रथिनं वाटेतच साकळून गुठळीबरोबर निघून जातात आणि रिपोर्ट येतो ‘निगेटिव्ह’. चिठ्ठीवर हे नाव असेल तर जिथे नमुना उबेत ठेवण्याची सोय आहे अशा लॅबमध्ये स्वतः जाऊन रक्त द्यावं. रिपोर्ट निगेटिव्ह असूनही सी४ हे कॉम्प्लिमेंट प्रथिन तळाला गेलं असेल आणि र्‍हूमॅटॉइड फॅक्टर हे प्रतिपिंड वाढलेलं असेल, तर तपासणी पुन्हा करायला सांगणारे डॉक्टर बरोबरच करत असतात.

ही धडपड सार्थ ठरते, कारण मिश्र, म्हणजे एकाहून अधिक प्रकारच्या प्रतिपिंडांच्या, क्रायोग्लोब्युलिनच्या मागे पुष्कळदा हेपटायटिस सी हा यकृताला ग्रासणारा विषाणू असतो. हा विषाणू १९८९ मध्ये ओळखला गेला. आज साधारण तीन महिन्यांच्या गोळ्यांनी तो बहुतेकांच्या शरीरातून जातो आणि २०१८ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात सरकारी केंद्रांवर हे उपचार मोफत मिळतात. विषाणू गेला की अनेकांचे ठिपके मावळतात. काहींच्या रक्तात मात्र क्रायोग्लोब्युलिन त्यानंतरही महिनोन्‌महिने सापडत राहतं. पाय स्वच्छ, लघवी स्वच्छ आणि रिपोर्ट पॉझिटिव्ह. अशा रुग्णाला डॉक्टर बहुधा औषध वाढवत नाहीत, पुढच्या तपासणीची तारीख देतात.