डेट्रॉइट अगेट आणि खरा अकीक: पट्टे सारखे, घासण्याची रीत वेगळी

नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा, ही म्हण ‘डेट्रॉइट अगेट’ला चपखल बसते. अगेट म्हणजे अकीक, पट्टेदार दगड. या नावाने ऑनलाइन विकला जाणारा रंगीबेरंगी पट्ट्यांचा तुकडा अकीक तर नाहीच, दगडही नाही. तो मोटारीचा रंग आहे, थरावर थर चढून घट्ट झालेला. त्याचं जास्त रुळलेलं नाव फोर्डाइट. फोटोत दोघे इतके सारखे दिसतात की अकीक घासण्यात हात बसलेले लोकही फोर्डाइट त्याच चाकावर, काठीवरच्या त्याच गरम लाखेवर लावतात आणि एका तुकड्याचे दोन करून बसतात.

अमेरिकेतल्या मोटार कारखान्यांत गाड्यांच्या बॉड्या हाताने फवारून रंगवत, त्या काळातला हा माल. उडालेला रंग बॉडी वाहून नेणाऱ्या रुळांवर आणि स्किडांवर, म्हणजे बॉडीखालच्या सरकत्या सांगाड्यांवर बसे. बॉडीबरोबर स्किडही भट्टीतून जाई, त्यामुळे तो रंगही भाजून निघे. पुढची गाडी, पुढचा रंग, पुन्हा भट्टी. शेवटी रंग इतका जाड होई की तो फोडून काढावा लागे. काही तुकड्यांत शंभरावर थर मोजता येतात. पुढे रंगाला विद्युतभार देऊन तो थेट पत्र्याकडे खेचून घेण्याची पद्धत आली, फवारा वाया जाणं कमी झालं आणि जुन्या मालाची आवक आटली. चाकणच्या कारखान्यातून असा गोळा मिळेल का, हा प्रश्न हमखास येतो. आजच्या पेंट शॉपमध्ये वाया गेलेला फवारा बहुधा पाण्याच्या पडद्यात पकडतात, त्याचा गाळ होतो, थर होत नाहीत. गल्लीतल्या गॅरेजच्या स्टँडवर साचलेला एनसी (नायट्रोसेल्युलोज) पेंटही चालत नाही. तो हवेवर सुकलेला असतो आणि थिनर लागताच विरघळतो.

अकीकाची गोष्ट आपल्या पायाखालची. दख्खनचा लाव्हा सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी थिजला तेव्हा त्यात वायूचे बुडबुडे अडकले. त्या पोकळ्यांत पुढे सिलिकायुक्त पाणी झिरपलं आणि पोकळीच्या भिंतीकडून आत एकेक पट्टा वाढत गेला. नांगरटीनंतर शेतात वर येणाऱ्या पट्टेदार गारगोट्या त्याच कुळातल्या. महत्त्वाचा मुद्दा असा की अकीकातले सूक्ष्म तंतू साधारणपणे पट्ट्यांना काटकोनात वाढलेले असतात. पट्टा बदलला तरी अंग एकच राहतं. फोर्डाइटमध्ये मात्र प्रत्येक पट्टा म्हणजे वेगळ्या दिवशी, वेगळ्या रंगाने दिलेला कोट. दोन कोट एकमेकांना जेवढे चिकटले तेवढीच त्या सांध्याची ताकद. कामातले जवळजवळ सगळे फरक या सांध्यातून निघतात.

हातात घेतल्यावर ओळख अवघड नाही. अकीक थंड लागतो, वजनदार असतो, त्याची घनता सुमारे 2.6. फोर्डाइट तेवढ्याच आकारात स्पष्ट हलका आणि प्लास्टिकसारखा कोमट लागतो. अकीकाचा कठीणपणा मोह्स मोजपट्टीवर 6.5 ते 7, त्यामुळे शिवणाच्या सुईने मागच्या बाजूला ओरखडा उठत नाही. फोर्डाइटवर लगेच उठतो. अकीकाची पातळ कड उजेडासमोर धरली तर बहुधा प्रकाश झिरपतो, फोर्डाइट अपारदर्शक. दहापट भिंगातून फोर्डाइटमध्ये धातूचे चमकते कण दिसतात, आणि पुष्कळदा दर दोन-चार रंगांमागे प्राइमरची, म्हणजे रंगाखालच्या अस्तराची राखाडी रेघ परत परत येते. ही राखाडी रेघ सगळ्यात बोलकी. बाजारातले भडक गुलाबी-निळे अकीक हे रंगात मुरवलेले असतात, गोंधळ बहुतेक त्यांच्यामुळेच होतो. गरम सुई टोचून पाहण्याचा सल्ला कुठे वाचलात तर तो सोडून द्या. जुन्या पिवळ्या-केशरी-लाल रंगांत शिशाचे क्षार असू शकतात, त्याचा धूर नाकात घ्यायचं कारण नाही.

आता कापणं. अकीकाची स्लॅब, म्हणजे सपाट काप, 5-6 मिलिमीटर जाडीची, डायमंड ब्लेडवर, तेल किंवा पाणी सोडून काढतात. फोर्डाइटला पातळ ब्लेड आणि फक्त पाणी वापरायचं. लहान तुकडा सोनाराच्या हातकरवतीनेही कापला जातो. जाडी 7-8 मिलिमीटर ठेवलेली बरी, कारण आतल्या थरांतला रंग अजून पूर्ण कडक झालेला नसेल तर कापल्यावर त्यांना हवा लागते, ते आकसतात आणि स्लॅब वाकते. म्हणून कापून लगेच घासायला बसू नये. दोन-तीन आठवडे सपाट जागी राहू द्यावी आणि मग मागची बाजू पुन्हा सपाट करावी.

कोणत्या बाजूने कापायचं, इथे फोर्डाइट अकीकाहून जास्त डोकं मागतो. थर सपाट आणि एकमेकांना समांतर. थरांना काटकोनात छेदून कापलं तर नुसत्या सरळ रेघा मिळतात, थरांच्याच पातळीत कापून वर सपाट ठेवलं तर एकच रंग, म्हणजे काहीच नाही. पण थरांच्या पातळीत कापून वर घुमट दिला तर टोपोशीटवर, म्हणजे उंचसखल दाखवणाऱ्या नकाशावर, किल्ल्याच्या डोंगराला जशा उंचीच्या रेषा असतात तशी कडी उमटतात: माथ्यावर उतार कमी म्हणून रुंद, कडेला उतार तीव्र म्हणून दाट. घुमट 4 मिलिमीटर उंच आणि प्रत्येक कोट 0.04 मिलिमीटर धरला तर सुमारे शंभर कडी उघडी पडतात. थर थोडे तिरपे धरून कापले तर नक्षी एका बाजूला ओघळते, आणि आमच्या मते तीच सगळ्यात देखणी. अकीकात नक्षी स्लॅब काढतानाच बरीचशी ठरते, घुमट देताना ती थोडी सरकते एवढंच. फोर्डाइटमध्ये कोट केसाएवढे पातळ असल्यामुळे चाकाच्या प्रत्येक फेरीला चित्र बदलतं. चांगली नक्षी दिसली की तिथेच हात थांबवायचा, आकार पाव मिलिमीटरने चुकला तरी चालेल.

अकीकाचा घुमट 80 नंबरच्या डायमंड चाकावर काढतात, मग 220, 600, 1200, 3000 असे वर जातात; नंबर जितका मोठा तितका कण बारीक. फोर्डाइटला 80 लावायचाच नाही. 80 नंबरच्या कणाची जाडी साधारण 0.2 मिलिमीटर, म्हणजे चार-पाच कोटांएवढी. तो कण थर कापत नाही, उचकटतो. कडेला पांढुरका पदर सुटलेला दिसतो आणि तो खाली किती खोल गेलाय ते घासल्याशिवाय कळत नाही. सुरुवात 220 पासून करावी, चाकाचा वेग निम्म्यावर आणावा, पाणी सतत चालू. त्यापुढे चाक सोडून वॉटरपेपर हातात घेतलेला चांगला: 320, 400, 600, 800, 1000, 1500, 2000. गॅरेजमध्ये बॉनेट घासायला वापरतात तोच काळा कागद. प्रत्येक नंबरला घासायची दिशा काटकोनात बदलावी, मागचे ओरखडे पूर्ण गेल्याशिवाय पुढच्या नंबरला जाऊ नये.

इथे एक दोष असा येतो की अकीकात तो क्वचितच दिसतो. प्राइमरचा थर आणि वरचा रंग यांचा कडकपणा वेगळा, त्यामुळे मऊ थर आधी झिजतो आणि पृष्ठभागावर बारीक पन्हाळी पडतात. नख आडवं फिरवलं की खरखर लागते. बहुतेकदा चूक कागदामागच्या स्पंजची असते. मऊ पाठ कागदाला खोलगट जागी दाबते आणि पन्हाळ वाढत जाते. कागद कडक रबराच्या तुकड्यावर गुंडाळा, कागद नवा घ्या, दाब कमी करा. झिजलेल्या कागदाने जोर लावला तर घर्षणाने रंग मऊ पडतो आणि एका थराचा रंग शेजारच्यावर ओढला जातो. निळ्यात लालसर धूर मिसळल्यासारखं दिसलं तर 600 वर परत या.

दुसरा नेहमीचा दोष म्हणजे टाचणीच्या टोकाएवढी भोकं. भट्टीत थिनर उडून जाताना राहिलेले ते बुडबुडे. 600 नंबरनंतर तुकडा पूर्ण वाळवून भोकात फेविक्विकसारखा पातळ गोंद टूथपिकने सोडावा, रात्रभर ठेवावा, मग 800 पासून पुढे जावं. लगेच घासलं तर गोंद पांढरा पडतो. अकीकात भोक म्हणजे स्फटिकांची पोकळी, ती सहसा भरत नाहीत, तिला टाळून आखणी करतात.

घासताना धरता यावं म्हणून काठीवर चिकटवणं अकीकासाठी सोपं: दगड गरम करा, लाख वितळवा, लावा. फोर्डाइटला ती उष्णता सोसत नाही. खालचे थर मऊ पडून काठीसकट सुटून येऊ शकतात. दुहेरी चिकटपट्टी पुरते, आणि मोठा तुकडा असेल तर हातातच धरावा. तुकडा 4 मिलिमीटरपेक्षा पातळ झाला तर मागे इपॉक्सीने पातळ आधार द्यावा.

पॉलिशबद्दल फार सांगण्यासारखं नाही. अकीकाला ओल्या फेल्टवर (दाबलेल्या लोकरीच्या कापडावर) सिरियम ऑक्साइडची पूड. फोर्डाइटला मात्र ते नको, पांढरी पूड बारीक भोकांत अडकते. त्याला मऊ सुती कापडावर गाडीचं बारीक पॉलिश, हाताने.

दागिन्यात बसवताना अकीक अंगठीत वर्षानुवर्षं टिकतो. फोर्डाइटचं लॉकेट किंवा कानातलं करावं, अंगठीत तो भांड्याच्या घासणीनेही ओरखडतो. चांदीच्या कडीचं सोल्डरिंग तुकडा बसवण्याआधी उरकावं. अल्ट्रासॉनिक सफाई, नेलपॉलिश रिमूव्हर आणि अत्तर लांब ठेवावं.

धुळीच्या बाबतीत मात्र दोघांपैकी कुणालाच सौम्य समजू नये. अकीकाची कोरडी धूळ म्हणजे सिलिका, आणि गुजरातमधल्या खंभातच्या अकीक कारागिरांमधला सिलिकोसिस, म्हणजे या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार, अनेक वर्षांपासून नोंदला गेला आहे. फोर्डाइटच्या धुळीत शिसं असू शकतं, ते फुप्फुसातून जातं तसं हाताला लागून पोटातही जातं. दोन्हींना घासताना पाणी हवंच, कणांसाठीचा मास्क हवा. फोर्डाइटला त्यावर हातमोजे, वेगळा ॲप्रन आणि मुलांना त्या खोलीत मज्जाव. कोरडं ब्रशने झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. खालच्या तसराळ्यातलं रंगीत पाणी मोरीत ओतायचं नाही. गाळ बसू द्या, वरचं पाणी कापडातून गाळून पुन्हा घासायला वापरा, आणि वाळलेला गाळ बंद डब्यात घालून घातक कचऱ्यात द्या.