अमेरिकन रिसर्च अँड डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन
अमेरिकन रिसर्च अँड डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन (एआरडी) : नव्याने सुरू झालेल्या तंत्रज्ञान कंपन्यांमध्ये भागभांडवल घालणारी अमेरिकेतील एक आद्य संस्था. स्थापना १९४६, बोस्टन. १९७२ मध्ये टेक्स्ट्रॉन या उद्योगसमूहात विलीन. नव्या धंद्यात पैसा घालणारे लोक त्याआधीही होते, पण तो रॉकफेलर, व्हिटनी अशा धनाढ्य घराण्यांचा स्वतःचा पैसा असे. एआरडीने भांडवल उभे केले ते संस्थांकडून आणि शेअर विकत घेणाऱ्या लोकांकडून. व्हेंचर कॅपिटल या व्यवसायाची घडी इथे बसू लागली, आणि त्यातला सर्वांत अवघड पेचही इथेच उघडा पडला.

दुसरे महायुद्ध संपले तेव्हा बोस्टनच्या आसपास दोन गोष्टी एकाच वेळी घडत होत्या. न्यू इंग्लंडच्या जुन्या कापड गिरण्यांना उतरती कळा लागली होती आणि शेजारच्या एमआयटी या तंत्रविद्यापीठाच्या प्रयोगशाळांत युद्धकाळातले संशोधन पडून होते. त्यातून कारखाने काढायचे तर पैसा हवा. बँका तारण मागत, आणि प्रयोगशाळेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या इंजिनिअरकडे तारण ठेवण्यासारखे काही नसे. एमआयटीचे अध्यक्ष कार्ल कॉम्प्टन, बोस्टनच्या फेडरल रिझर्व्ह बँकेचे अध्यक्ष राल्फ फ्लँडर्स आणि हार्वर्ड बिझनेस स्कूलचे प्राध्यापक जॉर्ज डोरिओ यांच्या पुढाकाराने एआरडी उभी राहिली. ५० लाख डॉलर जमवायचे ठरले होते, हाती आले सुमारे ३५ लाख. फ्लँडर्स लवकरच सिनेटवर निवडून गेले आणि सूत्रे डोरिओंकडे आली.

डोरिओ मूळचे पॅरिसचे, जन्म १८९९ चा. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याच्या रसद विभागात ते ब्रिगेडियर जनरल होते. सैनिकांचे कपडे, बूट, शिधा यांवरच्या संशोधनाची जबाबदारी त्यांच्याकडे होती. नवी वस्तू कागदावरून प्रत्यक्षात कशी उतरते, हे त्यांनी तिथे जवळून पाहिले. कल्पना दुय्यम असली तरी चालेल, पण माणूस अव्वल हवा, या मताला ते शेवटपर्यंत धरून राहिले. एआरडी कर्ज देऊन व्याज घेण्यापेक्षा कंपनीत भागीदार होई, संचालक मंडळावर बसे, माणसे मिळवून देई आणि वर्षानुवर्षे थांबे. सुरुवातीच्या गुंतवणुकींपैकी एक होती हाय व्होल्टेज इंजिनिअरिंग. कर्करोगावरील उपचारासाठी शक्तिशाली क्ष-किरण यंत्रे बनवणारी ही कंपनी. ती पैसा मिळवून देईल असे कॉम्प्टन यांना वाटत नव्हते, तरी हे काम व्हायलाच हवे म्हणून त्यांनी तिची शिफारस केली. १९४६ मध्ये घातलेल्या दोन लाख डॉलरचे मोल १९५५ मध्ये, शेअर बाजारात आले तेव्हा, अठरा लाख झाले होते.

खरी कसोटी लागली १९५७ मध्ये. एमआयटीच्या लिंकन प्रयोगशाळेतले केन ओल्सन आणि हार्लन अँडरसन हे दोन तरुण इंजिनिअर एआरडीकडे आले. त्यांना बनवायचे होते संगणक. मात्र मोठमोठ्या कंपन्या त्या काळी संगणकात पैसे गमावत होत्या. संचालकांपुढे जाण्याआधी एआरडीच्याच माणसांनी या दोघांना पढवले होते. ओल्सन यांच्या आठवणीनुसार सल्ले तीन होते : ‘संगणक’ हा शब्द काढू नका, पाच टक्के नफ्याची भाषा सोडून अधिक सांगा, आणि नफा लवकर होईल असे आश्वासन द्या, कारण मंडळातले बहुतेक जण वयस्कर आहेत. मग प्रस्तावात आली ती इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल, म्हणजे यंत्रांत जोडायचे तयार सुटे भाग. एआरडीने ७०,००० डॉलर घालून ७० टक्के हिस्सा घेतला, वर काही कर्ज दिले. बोस्टनजवळच्या मेनार्ड गावातल्या जुन्या लोकर गिरणीचा एक भाग भाड्याने घेऊन डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन (डीईसी) सुरू झाली. मॉड्यूल विकून घर चालले, पीडीपी-१ हा संगणक त्यानंतर आला आणि १९६५ मध्ये पीडीपी-८. खोलीभर यंत्रे आणि लाखोंचा खर्च यांच्या काळात १८,००० डॉलरचा संगणक प्रयोगशाळांच्या आवाक्यात आला. १९६६ मध्ये डीईसीचे शेअर विक्रीस आले. पुढे एआरडीच्या त्या हिश्श्याची किंमत साडेपस्तीस कोटी डॉलरवर गेली.

यातल्या ७० टक्के या आकड्यावर थांबायला हवे. आज गुंतवणुकीच्या पहिल्याच फेरीत इतका हिस्सा मागणाऱ्या गुंतवणूकदाराकडे कोणी शहाणा संस्थापक फिरकणार नाही, आणि तेच योग्य आहे, कारण पुढच्या फेऱ्यांत संस्थापकाच्या हाती काहीच उरणार नाही. १९५७ मध्ये मात्र दुसरे दार नव्हते. दुसरी बाब अधिक महत्त्वाची. एआरडीच्या सव्वीस वर्षांच्या एकूण नफ्यातला जवळपास निम्मा या एकाच कंपनीतून आला. शंभर ठिकाणी पेरून एखाद्या ठिकाणी उगवते, हे गणित या धंद्याला तेव्हापासून लागू आहे. म्हणून एखाद्या फंडाचा सरासरी परतावा वाचून फारसे काही कळत नाही.

एवढे यश मिळूनही एआरडी का टिकली नाही? तिच्या रचनेमुळे. एआरडी स्वतः शेअर बाजारात सूचिबद्ध होती. १९४० च्या गुंतवणूक कंपनी कायद्याखाली आणि रोखे नियामकाच्या करड्या नजरेखाली तिचा कारभार चाले. ज्या कंपन्या एआरडीच्या अधिकाऱ्यांनी राबून मोठ्या केल्या, त्यांच्या शेअरमध्ये त्यांना वाटा देण्याची जवळपास सोय नव्हती. चार्ल्स वेट या अधिकाऱ्याने पुढे सांगितले : आपण वर्षानुवर्षे ज्या कंपनीबरोबर खपलो ती शेअर बाजारात आली, तिच्या प्रमुखाची मालमत्ता शून्यावरून एक कोटी डॉलरवर गेली, आणि आपल्याला मिळाली दोन हजार डॉलरची पगारवाढ. अशी माणसे किती दिवस थांबणार! विल्यम एल्फर्स १९६५ मध्ये बाहेर पडले आणि त्यांनी ग्रेलॉक ही फर्म काढली. वेटही तिकडेच गेले. ग्रेलॉक मर्यादित भागीदारी होती. या रचनेत गुंतवणूकदार ठरावीक मुदतीसाठी पैसे देतात आणि फंड चालवणाऱ्यांना नफ्यात थेट वाटा, साधारण वीस टक्के, मिळतो. कॅलिफोर्नियात हीच पद्धत थोडी आधी, ड्रेपर, गेदर अँड अँडरसन आणि डेव्हिस अँड रॉक यांनी, सुरू केली होती. व्यवसाय त्या वाटेने गेला.

भारतातही तीच वाट रुळली. सेबीच्या २०१२ च्या पर्यायी गुंतवणूक निधी नियमांनुसार व्हेंचर कॅपिटल फंड पहिल्या श्रेणीत मोडतो. तो मुदतबंद, म्हणजे ठरावीक मुदतीचा, असतो, आणि गुंतवणूकदाराला साधारणपणे किमान एक कोटी रुपये घालावे लागतात. मुंबई-पुण्यातले बहुतेक फंड न्यास म्हणून नोंदवलेले असतात आणि चालकांचा नफ्यातला वाटा करारात आधीच लिहिलेला असतो.

या बदलात एआरडीची एक गोष्ट मात्र हातची गेली. डीईसीतला हिस्सा तिने १९५७ पासून सुमारे पंधरा वर्षे धरून ठेवला. दहा वर्षांत पैसे परत करायला बांधलेल्या फंडाला हे सहसा जमत नाही. औषधे, वैद्यकीय उपकरणे, नवे पदार्थविज्ञान अशा कामांना दहा वर्षे अनेकदा पुरतच नाहीत, आणि हाय व्होल्टेजसारखी कंपनी आज कोणाचे दार ठोठावेल, हा प्रश्न उरतोच. डोरिओ १९८७ मध्ये वारले. डीईसी १९९८ मध्ये कॉम्पॅक या संगणक कंपनीने विकत घेतली.