नोंदणी विवाह: नोटिशीपासून दाखल्यापर्यंत

तुमची ओळख कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात झाली की ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये, याच्याशी नोंदणी विवाह ज्याने होतो त्या विशेष विवाह कायदा, 1954 ला काही देणंघेणं नाही. लग्न करायचंय हे आधी कळवण्यासाठी जी नोटीस द्यावी लागते, तिच्या नमुन्यात नाव, वैवाहिक स्थिती, व्यवसाय, वय आणि पत्ता एवढंच विचारलेलं असतं. पत्त्याचं मात्र बारकाईने: सध्या कुठे राहता, किती दिवसांपासून आणि कायमचा पत्ता वेगळा असेल तर तो कुठला. बहुतेक जोडपी अडकतात ती इथेच.

आधी एक गैरसमज. ‘कोर्ट मॅरेज’ म्हणतात खरं, पण त्यात कोर्ट कुठेच नसतं. लग्न लावतो तो विवाह अधिकारी. ‘एका दिवसात कोर्ट मॅरेज’ अशा पाट्या दिसतात, तिथे सहसा धार्मिक विधी उरकून त्याची नोंद करून देतात. तो मार्गच वेगळा. विधीने लागलेल्या लग्नाची नोंद ग्रामपंचायत, नगरपालिका किंवा महानगरपालिकेत होते, आणि महाराष्ट्राच्या 1998 च्या कायद्याप्रमाणे त्यासाठी लग्नापासून 90 दिवसांची मुदत आहे.

पात्रतेच्या अटी थोड्याच आहेत. मुलगा 21 वर्षे पूर्ण, मुलगी 18 वर्षे पूर्ण. दोघांपैकी कोणाचाही आधीचा जोडीदार हयात नको; घटस्फोट झालेला असेल तर अडचण नाही. संमती देण्याइतकी मानसिक क्षमता हवी. आणि नातं निषिद्ध यादीतलं नको. या यादीत मामेबहीण-आतेबहीणही आहेत. मामाच्या मुलीशी लग्नाची रीत आपल्याकडे कितीही जुनी असली, तरी या कायद्यात सूट मिळते ती शासनाने राजपत्रात नमूद केलेल्या रूढीलाच. धर्म वा जात वेगळी असणं ही अडचण नाही. दोघं एकाच धर्माचे असले तरी याच कायद्याने लग्न करता येतं.

नोटीस द्यायची ती दोघांपैकी किमान एक जण ज्या जिल्ह्यात सलग 30 दिवस राहिला आहे, तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडे. ती कार्यालयात सर्वांना दिसेल अशी लावतात. कायमचा पत्ता दुसऱ्या जिल्ह्यातला असेल तर एक प्रत तिकडच्या अधिकाऱ्याकडे जाते आणि तिथेही लागते. घरच्यांना अजून सांगितलं नसेल, तर ही गोष्ट नोटीस देण्याआधी लक्षात घ्या, नंतर नव्हे.

मग 30 दिवस थांबायचं. या काळात कोणीही हरकत घेऊ शकतं, पण वर सांगितलेल्या अटींपैकी एखादी मोडली जात असेल तरच. ‘आम्हाला पसंत नाही’ ही हरकत होत नाही. हरकतीवर अधिकाऱ्याने 30 दिवसांत निर्णय द्यायचा असतो. त्याने लग्न लावायला नकार दिला तर 30 दिवसांत जिल्हा न्यायालयात अपील करता येतं. उगाच खोडसाळपणे हरकत घेणाऱ्याकडून 1000 रुपयांपर्यंत खर्च वसूल करण्याची तरतूदही आहे. 1954 मध्ये ही रक्कम बरीच वाटली असेल.

नोटिशीच्या तारखेपासून तीन महिन्यांत लग्न लागलं नाही तर नोटीस बाद होते आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. 1 जूनला नोटीस दिली, तर जुलैच्या सुरुवातीपासून ऑगस्टअखेरपर्यंतच काय तो मुहूर्त शोधायचा. परदेशातून येणाऱ्याने तिकीट काढण्याआधी हे गणित मांडावं.

कागदपत्रं अशी: वयासाठी जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला किंवा पासपोर्ट, पत्त्याचा पुरावा, फोटो. घटस्फोटितांनी न्यायालयाच्या हुकूमनाम्याची प्रत आणि विधवा-विधुरांनी आधीच्या जोडीदाराचा मृत्यूदाखला जोडायचा. नावाचं स्पेलिंग सगळीकडे एकच आहे ना, हे आधीच ताडून पाहा. दाखल्यावर वडिलांचं नाव पूर्ण आणि आधारवर नुसतं आद्याक्षर, एवढ्यावरूनही परत पाठवतात.

लग्नाच्या दिवशी तीन साक्षीदार ओळखपत्रांसह हवेत. दोन आले आणि तिसरा वाटेत अडकला, तर तो येईपर्यंत ताटकळावं लागतं. आधी दोघं आणि साक्षीदार प्रतिज्ञापत्रावर सह्या करतात. विधी कोणताही चालतो, नसला तरी चालतो. पण दोघांनीही अधिकारी आणि साक्षीदारांसमोर, एकमेकांना समजेल अशा भाषेत, ‘मी तुझा कायदेशीर पती म्हणून, पत्नी म्हणून स्वीकार करतो/करते’ हे म्हणायलाच हवं. त्याशिवाय लग्न लागत नाही. नंतर प्रमाणपत्र पुस्तकात नोंद होते आणि तिच्यावर दोघांच्या व तिन्ही साक्षीदारांच्या सह्या होतात.