चाळीस टक्क्यांची रेघ

एक डोळा पूर्ण गेलेला आणि दुसरा ठणठणीत असेल, तर सरकारी मोजमापात ते दिव्यांगत्व 30 टक्के भरते. बहुतेक सवलती 40 टक्क्यांपासून सुरू होतात. त्यामुळे एसटीतली सवलत नाही, नोकरीतले आरक्षणही नाही.

1977 मध्ये केंद्राने तिसऱ्या आणि चौथ्या श्रेणीच्या पदांत अंध, कर्णबधिर आणि अस्थिव्यंग उमेदवारांसाठी 3 टक्के जागा ठेवल्या, पण त्या नुसत्या आदेशाने. कायदा यायला 1995 उजाडले. त्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते आणि 40 टक्क्यांची अट थेट व्याख्येतच बसवलेली होती. ज्याच्या प्रमाणपत्रावर 39 चा आकडा पडला, तो कायद्याच्या लेखी अपंगच नव्हता! हे मला आजही अन्यायाचे वाटते.

2007 मध्ये भारताने संयुक्त राष्ट्रांचा दिव्यांग हक्क करार स्वीकारला. माणूस अडतो तो केवळ शरीरामुळे नव्हे, भोवतालच्या अडथळ्यांमुळेही, ही त्यातली भूमिका 2016 च्या कायद्यात उतरली. प्रकार 21 झाले, नोकरीतले आरक्षण 4 टक्के झाले. व्याख्येतून टक्केवारी गेली खरी. मात्र ‘लक्षणीय दिव्यांगत्व’ या नावाने 40 ची रेघ कायम राहिली आणि आरक्षण तिलाच बांधले गेले.

यादीत नाव आले म्हणजे सगळे मिळाले, असेही नाही. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेल या आनुवंशिक रक्ताच्या आजाराचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत. थॅलेसेमिया आणि हिमोफिलियासोबत सिकलसेल 2016 च्या यादीत आला. उच्च शिक्षणातल्या 5 टक्के जागांसाठी हे रुग्ण पात्र ठरू शकतात. नोकरीच्या आरक्षणाचे कलम 34 ज्या गटांची नावे घेते, त्यांत मात्र रक्ताचे आजार नाहीत. वेदनेचा झटका आला की आठवडाभर अंथरूण धरणाऱ्या तरुणाला हा फरक कोणी कसा समजावून सांगायचा?

निवृत्तिवेतनाची रेघ आणखी वर आहे. 2009 मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या इंदिरा गांधी दिव्यांग निवृत्तिवेतन योजनेला 80 टक्के दिव्यांगत्व आणि दारिद्र्यरेषेखालचे कुटुंब, दोन्ही लागते. केंद्राचा वाटा 2012 पासून महिना 300 रुपये आहे. राज्याची संजय गांधी निराधार योजना 40 टक्क्यांवर लागू होते, पण तिथे उत्पन्नाचा दाखला आडवा येतो.

या रेघेला पहिला मोठा धक्का 2021 मध्ये बसला. लिहिताना हात आखडणाऱ्या एका उमेदवाराला परीक्षेत लेखनिक, म्हणजे त्याच्या वतीने उत्तरे लिहिणारा मदतनीस, नाकारला गेला होता. 40 टक्के भरत नाहीत एवढ्यावरून लेखनिक नाकारता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले आणि 2022 मध्ये केंद्राने त्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. ही मोकळीक परीक्षेपुरती आहे. एसटीच्या सवलतीसाठी आणि पेन्शनसाठी प्रमाणपत्रावरचा आकडाच पाहिला जातो.