चेरोकी सीमाप्रदेशावरील कादंबऱ्या निवडताना

आमच्या दुकानात अमेरिकेतील चेरोकी लोकांच्या जीवनावरील ऐतिहासिक कादंबऱ्यांचा स्वतंत्र कप्पा आहे आणि त्यांतील नेमकी कोणती घ्यावी, अशी विचारणा ग्राहकांकडून वारंवार होते. या विषयावर अभ्यासपूर्ण आणि निव्वळ ऐकीव असे दोन्ही प्रकारचे लेखन होत असल्यामुळे पुस्तक पारखण्यास उपयोगी पडेल अशी माहिती येथे देत आहोत.

प्रथम घर पाहावे. कातड्याचा शंकूसारखा तंबू हा पश्चिमेकडील मैदानी जमातींचा. अ‍ॅपलेशियन डोंगरांतील चेरोकी मात्र कुडाला माती लिंपलेल्या आणि पुढे ओंडक्यांच्या घरांत राहत व मका, घेवडा, भोपळा पिकवीत. पहिल्याच प्रकरणात चेरोकी नायक आपल्या गावातील तंबूतून बाहेर येत असेल, तर लेखकाचा अभ्यास चित्रपटगृहात झाला आहे असे खुशाल समजावे.

दुसरी कसोटी नात्यांची. चेरोकींची सात कुळे असून मूल आईच्या कुळाचे मानले जाई, घर स्त्रीचे असे आणि मुलाला वळण लावण्याचा अधिकार बापापेक्षा मामाकडे असे. गोऱ्या व्यापाऱ्याची मुलेही आई चेरोकी असल्यास चेरोकीच ठरत. म्हणूनच रक्ताने जेमतेम एक अष्टमांश चेरोकी असलेला जॉन रॉस १८२८ मध्ये प्रमुख होऊ शकला. मामाला स्थान नसलेली कादंबरी आम्ही सहसा सुचवीत नाही.

इंग्रजी वाचता न येणाऱ्या सेक्वोया या चेरोकी कारागिराने १८२१ च्या सुमारास पूर्ण केलेली लिपी हा या कथांतील आमच्या विशेष आवडीचा भाग आहे. आपल्या बाराखडीत ‘का’ आणि ‘की’ यांतला ‘क’ दिसतो. त्याच्या लिपीत प्रत्येक अक्षराचे चिन्ह स्वतंत्र असून अशी सुमारे ८५ चिन्हे आहेत. याच लिपीत आणि इंग्रजीत ‘चेरोकी फीनिक्स’ हे वृत्तपत्र १८२८ पासून न्यू इचोटा या चेरोकींच्या राजधानीत छापले जाऊ लागले.

विस्थापनाची कथा निवडताना तिच्यातील माणसे एकरंगी नाहीत ना, हे पाहावे. पूर्वेकडील जमीन अमेरिकी सरकारला देऊन पश्चिमेकडे जाण्याचा डिसेंबर १८३५ चा करार मेजर रिज या चेरोकी पुढाऱ्यासह मोजक्या लोकांनी रॉसला डावलून केला, तो अमेरिकी सिनेटमध्ये एका मताने तरला आणि १८३८-३९ मध्ये सुमारे १६,००० लोकांना पश्चिमेकडे हाकलण्यात आले, त्यांतील अंदाजे ४,००० दगावले. रिजला निव्वळ फितूर ठरविणारे लेखन सोपे असते. जमीन जाणारच, तर माणसे तरी वाचावीत, हा त्याचा हिशेब समजून घेणारे दुर्मीळ. श्रीमंत चेरोकींकडे कृष्णवर्णीय गुलाम होते, हेही चांगला लेखक लपवीत नाही.

कथेचा काळ कळावा म्हणून प्रत्येक पुस्तकाच्या आत आम्ही चिठ्ठी लावली आहे. युद्धकथा आवडणाऱ्यांनी १७७६ ते १७९४ या काळातील, म्हणजे ड्रॅगिंग कनू या चेरोकी युद्धप्रमुखाने गोऱ्या वसाहतवाल्यांविरुद्ध सुरू केलेल्या लढायांची, पुस्तके मागावीत; नवख्या वाचकांनी मात्र १८२० च्या दशकापासून सुरुवात करावी.