फिल्टरचा फोम आणि गादीचा फोम: लहान इंजिनाचा एअर फिल्टर घरी कापण्याआधी

ब्रश कटर, फवारणी पंप किंवा छोट्या जनरेटरच्या एअर फिल्टरचा फोम काही वर्षांनी चिकट होतो आणि बोटांतच त्याचा भुगा पडतो. मूळ पार्ट लवकर मिळत नाही, आणि खुर्चीच्या जुन्या गादीतला फोम घरात पडलेला असतो. दोन्ही पॉलियुरेथेनचेच, दोन्ही मऊ, दाबले की पुन्हा फुगणारे. मग तोच कापून बसवला जातो, इंजिन पहिल्या झटक्याला सुरू होतं आणि काम झालं असं वाटतं. घात इथेच होतो, कारण आत धूळ जात असली तरी इंजिन त्या दिवशी काहीच कुरकुर करत नाही.

फरक डोळ्यांनी दिसतो. दोन्ही फोमचे पातळ काप काढून उजेडासमोर धरा, भिंग असेल तर उत्तम. फोम म्हणजे एकमेकांना चिकटलेले बुडबुडे. गादीच्या फोममध्ये दोन बुडबुड्यांमधला पापुद्रा बऱ्याच ठिकाणी तसाच राहिलेला असतो आणि काप जरा तिरका केला की चकाकतो. फिल्टरच्या फोममधले पापुद्रे कारखान्यात मुद्दाम काढून टाकतात. फोमचा ठोकळा बंद पेटीत ठेवतात, हायड्रोजन आणि ऑक्सिजन भरून ठिणगी देतात, आणि त्या क्षणभराच्या ज्वाळेत पापुद्रे वितळून कडांना चिकटतात. कॉस्टिकच्या द्रावणात बुडवूनही ते काढता येतात. मागे राहतो तो बारीक काड्यांचा सांगाडा, ज्यात सुमारे ९७ टक्के जागा मोकळी असते. याला रेटिक्युलेटेड फोम म्हणतात. विकत घेताना नुसतं ‘फोम’ न म्हणता हेच नाव सांगा.

मोकळ्या जागेला एवढं महत्त्व का, तर एक लिटर पेट्रोल नीट जळायला साधारण ९,००० लिटर हवा लागते. पापुद्र्यांनी ती अडवली की कार्बोरेटर पेट्रोल जास्त ओढतो, धूर काळा येतो, प्लगवर काजळी धरते आणि लोड पडला की इंजिन धापा टाकतं. त्यावर उपाय म्हणून लोक गादीचा फोम पातळ कापतात. इंजिन मोकळं होतं खरं, पण मग धूळही मोकळी होते.

आता फिल्टरच्या फोमचीही एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण बहुतेकांचं इथेच चुकतं. त्याची छिद्रं एका इंचात किती, यावरून त्याचा नंबर ठरतो. त्याला पीपीआय म्हणतात. पट्टी ठेवून ५ मिलिमीटरमध्ये ८ छिद्रं मोजली, तर तो साधारण ४० पीपीआयचा फोम. म्हणजे एकेक छिद्र अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. आणि इंजिन झिजवणारी धूळ असते मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढी! नुसत्या छिद्रांनी ती कशी अडणार? ती अडते तेलाने. हवा काड्यांना वळसे घालत जाते. धुळीच्या कणाला तितक्या चपळाईने वळता येत नाही, तो काडीवर आदळतो आणि तिथे तेल असेल तर चिकटून बसतो. कोरडा फोम बारीक धूळ सरळ आत सोडतो. म्हणून फोम जाड हवा, निदान मूळ फोमइतका, म्हणजे कणाला आदळायला बऱ्याच काड्या मिळतात.

हेच तेल गादीच्या फोमला दिलं, तर उरल्यासुरल्या छिद्रांवरही तेलाचे पडदे तयार होतात आणि वाट आणखी कोंडते. कोरडा ठेवावा तर धूळ, तेल द्यावं तर घुसमट.

पेट्रोलचाही प्रश्न आहे. टू-स्ट्रोक इंजिन कार्बोरेटरमधून पेट्रोल-तेलाचे तुषार मागे फेकतं आणि ते फोमवर बसतात. गादीचा फोम बहुधा पॉलिइथर जातीचा. पेट्रोल लागलं की तो फुगतो, लिबलिबीत होतो, आणि त्याचा तुकडा सुटला तर थेट आत खेचला जातो. पॉलिएस्टर जातीचा फोम पेट्रोलला जास्त टिकतो, दमटपणाला मात्र कमी. शंका असेल तर छोटा तुकडा झाकणाच्या बरणीत, उघड्यावर, विस्तवापासून लांब, रात्रभर पेट्रोलमध्ये ठेवा आणि सकाळी कोऱ्या तुकड्याशेजारी ठेवून पाहा. ताणल्यावर तुटत असेल तर तो बाद.

पॅकिंगचा किंवा योगा मॅटचा फोम तर विचारातही घेऊ नका, त्यातून हवाच जात नाही. भांडी घासायची हिरवी घासणी त्याहून वाईट: तिच्यात घासणारे कण असतात आणि तेच सुटून सिलिंडरमध्ये जातात. स्टील वूलचे तंतूही असेच सुटतात. ज्या इंजिनाला मुळात कागदी फिल्टर आहे, तिथे फोम लावून काम भागवू नका. कागदाला तेल तर कधीच देऊ नका.

कापताना कात्री नको, ती फोम दाबून कड तिरकी करते. नवं पातं लावलेला कटर घ्या आणि खोक्याच्या मापापेक्षा दोन-तीन मिलिमीटर मोठा काप काढा, म्हणजे कडेला फट राहत नाही. मागची जाळी काढून टाकू नका, फोम आत ओढला जाण्यापासून तीच वाचवते. धुताना साबण आणि कोमट पाणी वापरा, पिळू नका, मुठीत दाबा. पूर्ण सुकल्यावर फोम फिल्टरचं तेल सगळीकडे मुरवा आणि जास्तीचं दाबून काढा.

बसवल्यावर फिल्टरच्या मागे, कार्बोरेटरच्या तोंडाआधीच्या भागात, ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवा. धुळीत काही तास काम झालं की तिथलं ग्रीस बोटावर घेऊन चोळा. कचकच लागली तर आधी कड तपासा, मग तेल, आणि दोन्ही ठीक असतील तर जास्त पीपीआयचा फोम घ्या. ती कचकच बहुधा वाळूतल्या क्वार्ट्झची असते. ते सिलिंडरच्या बिडापेक्षा कठीण असतं, आणि रिंगजवळच्या तेलात मिसळलं की दर फेरीला सिलिंडर घासतं.